कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची खरी चाचणी कशी करायची? साधनं कोणती, आणि सोलापुरात मिळतील का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मुलांसाठी कॉम्प्युटर वर्ग चालतो. यंत्रं बहुतेक देणगीत आलेली आहेत. नोकरी सांभाळून त्यांची देखभाल मी बघतो. ऊन तापायला लागलं की तक्रारी वाढतात: चालू मशीन एकदम बंद पडतं, मधेच रिस्टार्ट होतं, कधी बटण दाबूनही उठत नाही. रॅम, हार्डडिस्क तपासून झाली की संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरच येऊन थांबतो. काढून ठेवलेल्या एसएमपीएसचा आता कपाटात ढीग झाला आहे.

बदलून बघणं हा नेहमीचा उपाय. पण जो बसवतोय तो तरी धड आहे याची खात्री कुठे आहे? बिघडलेला एसएमपीएस चांगल्या बोर्डावर लावून तो बोर्ड घालवायची माझी तयारी नाही. पुढचा बोर्ड देणगीत कधी येईल, सांगता येत नाही.

माझ्याकडे एक साधा मल्टिमीटर आहे. खर्चाची तयारी पाच-सहा हजारांची. ऑनलाइन मिळणारा एलसीडी टेस्टर पुरतो का? लोड देऊन, म्हणजे खरोखर प्रवाह ओढून तपासायचं तर काय घ्यावं? विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतोच का? इथे नाही मिळालं तर पुण्याला किंवा हैदराबादला एखादी चक्कर मारू शकतो.

---

नवीपेठ_बेंच

मालक, पहिलं एक सांगतो. हिरव्या आणि काळ्या वायरीत क्लिप घातली, फॅन फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगला, असं धरणारे लई भेटतात. फॅन फिरला याचा अर्थ एवढाच की स्टँडबाय (मशीन बंद असतानाबी चालू राहणारा ५ व्होल्टचा पुरवठा) जिवंत हाय आणि मेन भाग उठतोय. पुढचं त्यातून काहीच कळत नाही.

एलसीडीवाला टेस्टर मी दुकानात रोज वापरतो, आणि तुम्हीही घ्या. हजाराच्या आसपास येतो. २४ पिनी, प्रोसेसरचा ४+४, ग्राफिक कार्डचा, साटा, जुना मोलेक्स, सगळे कनेक्टर त्यात बसतात. १२, ५, ३.३, उणे १२, ५ स्टँडबाय हे आकडे एका नजरेत दिसतात. कुठलं व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं तर एलएल (कमी) किंवा एचएच (जास्त) येतं. आणि पीजी म्हणून एक आकडा येतो त्याच्याकडं नीट बघा. चालू केल्यापासून ‘पॉवर गुड’चा, म्हणजे व्होल्टेज ठीक हाय असं बोर्डाला सांगणारा सिग्नल किती मिलिसेकंदात आला तो हा आकडा. १०० ते ५०० च्या मधे पाहिजे. बाहेर गेला तर तो एसएमपीएस बाजूला ठेवायचा, व्होल्टेज कितीबी छान दिसू दे.

पण हा टेस्टर लोड जवळजवळ देतच नाही. म्हणून त्यानं नापास केलेला नक्की नापास. पास केलेला मात्र नक्की पास नाही.

दुसरं, पेटीवर ४५० वॅट लिहिलंय ते वाचू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंत ते वाचा. १४ लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजचा प्रोसेसर जवळजवळ सगळं १२ वरूनच घेतो. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ च्या नावावर लिहिलेले असतात, त्यांचा तुम्हाला काय उपयोग? तुमच्या कपाटातला निम्मा ढीग लेबल वाचूनच निकालात निघंल.

---

तंत्रनिकेतन_लॅब

वरच्या मित्राशी पूर्ण सहमत. त्यात थोडी भर घालतो. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि मुलांकडून हे प्रयोग करून घेतो.

एटीएक्स या कॉम्प्युटर-एसएमपीएसच्या मानकानुसार १२, ५ आणि ३.३ च्या लाइनी पाच टक्क्यांच्या आत राहायला हव्यात. म्हणजे १२ ची ११.४ ते १२.६, ५ ची ४.७५ ते ५.२५, ३.३ ची ३.१४ ते ३.४७. जांभळ्या वायरीवरच्या ५ स्टँडबायलाही तोच नियम. उणे १२ ला दहा टक्क्यांची सूट आहे. हे आकडे लोड असताना टिकायला हवेत, खरी गोम तिथे आहे. रिकामी बैलगाडी चढ चढली म्हणून उसाची खेप ओढेल, असं कुणी धरत नाही.

लोड देतानाही एक पथ्य आहे. जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ या दोन्ही लाइनींचं नियंत्रण एकाच सर्किटमधून एकत्र होतं. फक्त १२ वर लोड टाकला की १२ खाली बसते आणि ५ वर चढते. फक्त ५ वर टाकला की उलट. एकाच लाइनीवर लोड टाकून निकाल देऊ नका. आधी दोन्हींवर टाका, मग मुद्दाम विषम लोड देऊन बघा. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले. झोपेच्या अवस्थेत ते १२ च्या लाइनीवरून इतका कमी प्रवाह घ्यायचे की या जातीचे बरेच एसएमपीएस गडबडायचे. नव्या चांगल्या रचनेत आधी फक्त १२ व्होल्ट तयार होतात आणि ५ व ३.३ त्यातूनच वेगळे काढतात, तिथे हा त्रास फारसा नाही.

तिसरी गोष्ट रिपल, म्हणजे डीसीवर स्वार झालेली लहर. १२ च्या लाइनीवर ती शिखर ते दरी १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, ५ आणि ३.३ वर ५० च्या आत. मल्टिमीटरला ही दिसत नाही. कपॅसिटर सुकलेला एसएमपीएस मल्टिमीटरवर १२.०५ दाखवेल आणि बोर्डाला मात्र तीनशे मिलिव्होल्टची लहर पाजत असेल. कारणाशिवाय रिस्टार्ट होणाऱ्या मशीनमध्ये मी पहिला संशय यावर घेतो.

---

जुळे_सोलापूरकर

दोघांचे मनापासून आभार. लेबल वाचायची गोष्ट इतकी साधी आहे, आजच संध्याकाळी करतो.

आता लोडबद्दल. इलेक्ट्रॉनिक लोड (हवा तेवढा प्रवाह ओढणारं यंत्र) शोधला तर चांगल्या कंपनीचे माझ्या खर्चाच्या कितीतरी पट दिसतात. छोटे १५० वॅटचे बोर्ड परवडतात, पण एका वेळी एकच लाइन तपासता येईल. इथल्या बाजारातल्या वस्तूंतून लोड बांधता येईल का?

---

जेकार्डवाला

येतं की. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांच्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डची (कापडावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) दुरुस्ती करतो. जेकार्डच्या पॉवर सप्लायचा व्होल्टेज वेगळा, पण दुखणं सारखंच. बाजारचा लोड मी कधी घेतला नाही, शेगडीच्या कॉइलवर काम चालतं.

हिशेब सांगतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात २००० वॅटची हीटर कॉइल मागा. २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे पूर्ण कॉइल साधारण साडेसव्वीस ओहमची. तिचे वेटोळे मोजा आणि तेरा सारखे भाग करा. एक भाग दोन ओहमचा झाला. १२ व्होल्टवर तो सहा अँपिअर ओढतो, म्हणजे सत्तर वॅटच्या आसपास. असे दोन भाग समांतर लावले की बारा अँपिअर. उरलेल्यातल्या एका भागाचा अर्धा तुकडा घेतला की एक ओहम, तो ५ च्या लाइनीला लावायचा, पाच अँपिअर. ३.३ साठी एक ओहम २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर पुरतो. स्टँडबायसाठी ३.३ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, दीड अँपिअर घेतो, दहा वॅटचा घ्या. सगळं एकदम लावलं तर साधारण १८५ वॅट होतात. ऑफिसातलं साधं मशीन त्याहून जास्त क्वचितच खातं.

आता जिथं लोक फसतात ते. नायक्रोमला, म्हणजे कॉइलच्या तारेला, सोल्डर धरत नाही, आणि धरलं तरी तापल्यावर वितळून पडतं. पितळेचे नटबोल्ट आणि चिनी मातीचे कनेक्टरच वापरा. कॉइल शेगडीच्या खोबणीच्या प्लेटवर बसवा. लाकडाच्या फळीवर नको, प्लास्टिकच्या जवळपास नको. वरून जुना कॅबिनेट फॅन चालू ठेवा. सहा अँपिअरला तुकडा चांगलाच तापतो, हात लागला की फोड ठरलेला.

२४ पिनी सॉकेट विकत घेऊ नका, मेलेल्या मदरबोर्डवरून उतरवा. बारा अँपिअर एका पिवळ्या वायरीतून नेऊ नका, तीन-चार पिवळ्या आणि तितक्याच काळ्या एकत्र करा. आणि व्होल्टेज कॉइलच्या टोकाला मोजू नका, कनेक्टरच्या पाठीमागून पिन घालून मोजा. नाहीतर वायरीतली घट एसएमपीएसच्या नावावर जाते.

---

नवीपेठ_बेंच

जेकार्डवाले दादा, कॉइलबद्दल माझं मत वेगळं हाय. वाचनालयात पोरं फिरत असतात. उघडी तापलेली कॉइल टेबलावर ठेवण्यापेक्षा गाडीच्या हेडलाइटचे एच-४ बल्ब घ्यावेत. १२ व्होल्ट ५५/६० वॅटचे, कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतात. एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो. चार लावा, होल्डरसकट पेटीत बसवा. लोड चालू हाय का नाही ते लांबूनच दिसतं.

---

तंत्रनिकेतन_लॅब

दोन्ही चालतात, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. चारही बल्ब एकदम लावले तर पहिल्या क्षणी प्रवाह उसळतो आणि चांगला एसएमपीएससुद्धा संरक्षण घेऊन बंद पडतो. मग उगाच त्याला नापास ठरवलं जातं. प्रत्येक बल्बला वेगळा स्विच ठेवा आणि एकेक चालू करा. नायक्रोमचा रोध तापल्यावर थोडाच बदलतो, त्यामुळे प्रवाहाचा हिशेब पक्का राहतो. मला मोजमापासाठी कॉइल आवडते. जाळीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली की मुलांचा प्रश्नही सुटतो.

प्रवाह मोजायला क्लॅम्प मीटर घेणार असाल तर त्यावर डीसी अँपिअर आहे का ते बघून घ्या. स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, पिवळ्या वायरीभोवती ते शून्य दाखवतील. नाशिकच्या ऋषभ आणि मोटवाने या दोन्ही कंपन्यांची मीटर आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या हाताखाली टिकली आहेत, चांगलं मीटर घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

आणि सुरक्षेचं आताच लिहितो, कारण पुढे राहून जातं. एसएमपीएसचं झाकण उघडायचं नसेल तर वरचं सगळं बाहेरून करता येतं. उघडायचं असेल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही काळ. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरवर खात्री करा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्बमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून द्या. फक्त अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (मुख्य विजेतून प्रवाह सुरळीत ओढणारं सर्किट) असलेला एसएमपीएस सिरीज बल्बवर धड चालू होत नाही, त्यावरून तो खराब समजू नका. ऑसिलोस्कोपचा, म्हणजे स्कोपचा ग्राउंड क्लिप प्रायमरीच्या (मुख्य विजेच्या) बाजूला कधीही लावायचा नाही. तो अर्थला जोडलेला असतो, तिथेच भडका उडेल.

---

विजापूरवेस_सेवाकेंद्र

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. मध्ये विचारते, चालेल ना? माझं नवं मशीन लाइट गेली की इन्व्हर्टरवर बंद पडतं, जुनं चालू राहतं. दुकानदार म्हणतो नवा एसएमपीएसच खराब. शिवाय जुन्या वाड्यात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. हे दोन्ही एसएमपीएसमुळे का?

---

तंत्रनिकेतन_लॅब

ताई, पहिल्याचं कारण बहुधा जोडीत आहे. नव्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असेल आणि इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर दोघांचं अनेकदा पटत नाही. त्यात इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला लागणारा वेळ धरा. मानकानुसार एसएमपीएसने वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरायला हवा, स्वस्तातले तेवढा धरत नाहीत. शुद्ध साइन लहरीच्या यूपीएसवर एकदा लावून बघा. तिथे चालला तर एसएमपीएस परत करायची गरज नाही.

मुंग्यांचं मात्र आजच मनावर घ्या. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा मुख्य विजेच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. पण याचा अर्थ तुमच्या वाड्यात अर्थिंग नाही. उद्या आत खरोखर शॉर्ट झालं तर फ्यूज उडणार नाही. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

---

हैदराबादी_सोलापूरकर

मूळचा अशोक चौकातला, आता हैदराबादला पॉवर सप्लायच्या टेस्टिंगमध्येच नोकरी. धागा वाचून राहवलं नाही.

कारखान्यात आणि मोठ्या प्रयोगशाळेत जे वापरतात ते कसं असतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही बांधताय ते त्याच्या कुठे बसतं हे कळेल. तैवानच्या क्रोमा कंपनीची पूर्ण चाचणीव्यवस्था सगळ्यांना माहीत आहे. एका कपाटात वीज हवी तशी बदलून देणारा स्रोत, आत किती वॅट गेले ते मोजणारं मीटर, प्रत्येक लाइनीला वेगळा इलेक्ट्रॉनिक लोड, लहर बघणारा स्कोप, आणि हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर. किंमत लाखांत. २०२२ च्या एटीएक्स ३.० पासून तर १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोडचा धक्का सोसायची अट आली, ती नायक्रोमवर तपासता येत नाही. पण वाचनालयाला तिची गरज नाही. तुम्हाला ‘हा मशीनला लावू का नको’ एवढंच ठरवायचंय, आणि त्याला कॉइल, मल्टिमीटर आणि एक दिवस उसना मिळालेला स्कोप पुरतो.

एक गोष्ट मात्र कारखान्यातून उचला: तापू द्या. दोन मिनिटांत मोजून उठू नका, लोडवर अर्धा तास ठेवा. ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवण्याबद्दलचं) प्रमाणपत्र सुमारे २३ अंशांच्या खोलीत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीसच्या वर, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. त्यात सोलापुरात यंत्रमागाजवळच्या घरांत एसएमपीएस उघडला की जाळीवर कापसाच्या तंतूंची अख्खी गादी निघते, फॅनला हवाच मिळत नाही. तपासण्याआधी ब्लोअरने साफ करा. फॅनचं पातं धरून ठेवा, नाहीतर तो हवेनं भरधाव फिरून खराब होतो.

---

जुळे_सोलापूरकर

बांधून झालं. कॉइल पत्र्याच्या जाळीच्या पेटीत, प्रत्येक तुकड्याला स्विच, सॉकेट मेलेल्या बोर्डावरचं. सगळं इथेच मिळालं, फक्त एलसीडी टेस्टर ऑनलाइन मागवला.

जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ४५० वॅट लिहिलेला एक जवळजवळ नवा एसएमपीएस टेस्टरवर १२.१ दाखवत होता, पीजीही व्यवस्थित. पहिला तुकडा चालू केला, ११.७. दुसरा चालू केला, ११.२, आणि त्याच वेळी ५ ची लाइन ५.३ वर. लॅबवाल्या सरांनी लिहिलं तसंच, डोळ्यांसमोर. थोड्या वेळाने वास यायला लागला आणि तो बंद पडला. उलट एका जुन्या ऑफिसच्या मशीनमधून निघालेला, लेबलवर त्याच्याहून कमी वॅट असलेला जड एसएमपीएस अर्धा तास ११.९ वर ढळला नाही. हा मी भंगारात टाकणार होतो.

काही मात्र कुंपणावर आहेत. लोडवर ११.५, हद्दीच्या आत, पण मशीनला लावले की रिस्टार्ट. त्यांचं काय?

---

तंत्रनिकेतन_लॅब

ते लहरीचे संशयित. तुमचा लोड घेऊन आमच्याकडे या, विभागप्रमुखांची परवानगी मी काढतो. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनं आहेत. समाजाच्या कामासाठी रीतसर पत्र दिलं तर प्रयोगशाळेची दारं उघडतात, हा माझा अनुभव आहे. यासाठी स्कोप विकत घेऊ नका. हजार-दीड हजाराचे खेळण्यातले स्कोप तर नकोच, त्यांची झेप दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि इथे २० मेगाहर्ट्झपर्यंत बघायचं असतं.

येताना १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ चा सिरॅमिक कपॅसिटर आणा, ते मोजायच्या जागी समांतर लावायचे असतात, मानकातच तसं आहे. स्कोपच्या प्रोबची (मोजायच्या टोकाची) लांब ग्राउंड वायर काढून आखूड स्प्रिंग लावू. लांब वायर अँटेनासारखी आवाज पकडते आणि चांगल्यालाही नापास करते.

---

नवीपेठ_बेंच

लहर जास्त निघाली तर ते फेकू नका, माझ्याकडं आणा. आउटपुटच्या बाजूचे कपॅसिटर बदलून बरेच उठतात. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) टाकतो, साधे टाकून उपयोग नाही. स्टँडबायचा छोटा कपॅसिटर त्याच वेळी बदलतो. जुन्या स्वस्त एसएमपीएसमधे तो सुकला की जांभळ्या वायरीवर ५ च्या जागी भलतंच व्होल्टेज जातं आणि बोर्ड जातो. वाचनालयाचं काम हाय, सामानाचे पैसे द्या फक्त.

---

जुळे_सोलापूरकर

काय बोलू, दोघांचेही उपकार. पत्र उद्याच देतो.

एक शेवटचं. पुण्यात तपकीर गल्लीत एका ओळखीच्या माणसाने जुना इलेक्ट्रॉनिक लोड दाखवला, २०० वॅटचा, भाव उतरवून देतोय. घेऊ का?

---

हैदराबादी_सोलापूरकर

एकाच लाइनीचा असला तरी उपयोगाचा आहे. १२ वर तो लावा, ५ आणि ३.३ वर कॉइल-रेझिस्टर राहू द्या. पैसे देण्याआधी मात्र १२ व्होल्टचा भरवशाचा सप्लाय घेऊन जा आणि तिथेच तपासा. आधी एक अँपिअर ठेवा आणि मीटरने पडताळा. मग दीडशे वॅटवर वीस मिनिटं चालवा, फॅन वेग घेतो का, प्रवाह सरकतो का ते बघा. व्होल्टेज जाणणाऱ्या वेगळ्या दोन वायरींची सोय चालते का तेही बघा, ती नसेल तर लांब वायरींमुळे आकडा खोटा येतो. कॅलिब्रेशनचं स्टिकर जुनं असलं तर हरकत नाही, तुमच्या दोन ओहमच्या तुकड्याशी ताडून बघता येईल. वीस मिनिटं चालवू देत नसेल तर घेऊ नका.